अत्यवस्थ रुग्णाची रक्तशर्करा

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आप्ताला भेटावयास गेलेल्या मनुष्याची दृष्टी प्रथम यंत्रांकडे जाते. छातीला लावलेल्या तारा, नाकातून पोटात गेलेली अन्ननलिका, श्वसनयंत्राचा एकसुरी आवाज, हे सारे त्याने ऐकलेले तरी असते. परंतु खाटेशेजारच्या लहानशा सिरिंज पंपावर ‘इन्शुलिन’ अशी चिठ्ठी चिकटविलेली दिसली की तो बुचकळ्यात पडतो. रुग्णाला अपघातात मार लागला आहे, अथवा त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे. मधुमेह तर त्याला कधीच नव्हता. मग मधुमेहाचे औषध कशासाठी? दर तासा-दोन तासांनी त्याच्या रक्तातील साखर तपासून परिचारिका तक्त्यावर कसले आकडे मांडते? प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राला गेल्या पंचवीस वर्षांत आपले मत दोनदा बदलावे लागले आहे. तो वृत्तान्त येथे सांगावयाचा आहे.

आरंभी ‘साखर’ या शब्दाविषयी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. चहात घालतो ती उसाची साखर व रक्तात वाहते ती साखर या दोन भिन्न वस्तू आहेत. रक्तातील साखर म्हणजे ग्लुकोज. आपल्या जुन्या रसायनग्रंथांत तिला द्राक्षशर्करा असे सुरेख नाव दिलेले आढळते. निरोगी मनुष्याच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे साधारणपणे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. प्रौढाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते असे धरले, तर सगळ्या रक्तातील ग्लुकोज मिळून फार तर पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर, होते. वाचकाला हा आकडा इतका लहान वाटेल की त्याने गणित पुन्हा एकदा करून पाहावे. आपला मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो, म्हणजे तासाला पाच ग्रॅम. एका मेंदूलाच रक्तातील सारी शिल्लक तासाभरात फस्त करता येईल. तरीही आपण रात्रभर निर्वेध झोपतो व सकाळी शुद्धीवर असतो, याचे कारण असे की यकृत आपल्या साठ्यातून ग्लुकोज सतत रक्तात सोडीत असते. जेवणानंतर स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन स्नायू व मेद यांच्या पेशींची दारे ग्लुकोजसाठी उघडते आणि यकृताच्या दानशूरपणाला आवर घालते. आवक व जावक यांचा हा मेळ दिवसरात्र चालू असतो.

शरीरावर मोठे संकट कोसळले म्हणजे हा मेळ बिघडतो. गंभीर जखम, भाजणे, रक्तातील जंतुसंसर्ग, मोठी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही घडले की अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके मोठ्या प्रमाणात स्रवू लागतात. स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉनही अधिक येते. यकृताला एकच आज्ञा मिळते : ग्लुकोज सोड, आणि साठा संपला तर स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांपासून नवे तयार कर. त्याच वेळी दाहामुळे स्नायूंच्या पेशी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देईनाशा होतात. परिणामी मधुमेह नसलेल्या मनुष्याच्या रक्तातील साखरही २०० किंवा त्याहून वर चढते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने यकृत हेच ग्लुकोजचे कोठार असल्याचे दाखवून दिले. अतिरक्तस्रावाने प्राण्याच्या रक्तातील साखर वाढते, हेही त्याने एकोणिसाव्या शतकात पाहिले होते. पळावयाचे किंवा लढावयाचे असेल तर अशी साखर उपयोगी पडते. जखमी हरणाला पळून जीव वाचविण्यास तिचा खचित लाभ होत असेल. परंतु पंधरा दिवस खाटेवर निश्चल पडलेल्या रुग्णाला ती घेऊन जावयाचे कोठे?

विसावे शतक संपेपर्यंत डॉक्टरांचा समज असा होता की ही वाढ नैसर्गिक आहे, मेंदूला व रक्तपेशींना संकटकाळी मिळालेली ती जादा शिधा आहे. तीत फार ढवळाढवळ करू नये. साखर २०० च्या पुढे जाऊन मूत्रावाटे पाणी वाहून जाऊ लागले, तर मात्र इन्शुलिन द्यावे. (मूत्रपिंडे साधारणपणे १८० पर्यंतचे ग्लुकोज परत शोषून घेतात, त्यापुढचे मूत्रात उतरते व जाताना पाणीही घेऊन जाते.) या समजाला पहिला जोराचा धक्का बेल्जियममधून बसला. ल्युव्हेन येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात ग्रीट व्हान डेन बर्घ या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात आलेल्या, श्वसनयंत्रावरील १५४८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटात जुनी रीत ठेवली : साखर २१५ च्या वर गेली तरच इन्शुलिन, आणि तीही १८० ते २०० च्या आसपास राखावयाची. दुसऱ्या गटात सतत इन्शुलिन देऊन साखर ८० ते ११० या निरोगी माणसाच्या मर्यादेत आणली. निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. जुन्या रीतीच्या गटातील शेकडा ८ रुग्ण अतिदक्षता विभागात मरण पावले. काटेकोर नियंत्रणाच्या गटात हे प्रमाण शेकडा ४.६ होते. ७८३ पैकी ६३ आणि ७६५ पैकी ३५, असे ते प्रत्यक्ष आकडे. अतिदक्षता विभागात मृत्यूचे प्रमाण इतके उतरविणारे उपाय फारच थोडे आहेत. आणि येथे तर उपाय ऐंशी वर्षांचा जुना, प्रत्येक रुग्णालयात असलेला, स्वस्त.

अशी वार्ता जगभर वेगाने पसरली यात नवल नाही. पुढील सात-आठ वर्षांत अनेक देशांतील रुग्णालयांनी काटेकोर नियंत्रणाची पद्धत स्वीकारली, आणि तसे करण्यास सांगणारी मार्गदर्शक तत्त्वेही निघाली. काहीजण मात्र सावध होते. ल्युव्हेनचे काम एकाच रुग्णालयातील होते. त्यातील बहुसंख्य रुग्ण हृदयशस्त्रक्रियेचे होते. आणि कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे उपचार करणाऱ्यांना ठाऊक होते. इन्शुलिनच्या बाबतीत ते लपविणे शक्यच नसते, हेही खरे. त्याच संशोधकांनी शस्त्रक्रिया न झालेल्या १२०० रुग्णांवर तोच प्रयोग करून २००६ साली निष्कर्ष मांडले, तेव्हा एकंदर मृत्यूंत निर्णायक फरक दिसला नाही. जर्मनीतील एक प्रयोग तर मध्येच थांबवावा लागला. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग तेथे काटेकोर गटात शेकडा १७ रुग्णांत घडले, दुसऱ्या गटात शेकडा ४.१ मध्ये.

या उतरणीची भीती कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. चालत्या-बोलत्या मनुष्याची साखर कमी झाली तर त्याला घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते, छाती धडधडते. तो चार चमचे साखर तोंडात टाकतो व सावरतो. शरीराने दिलेल्या या धोक्याच्या घंटा आहेत. परंतु गुंगीच्या औषधांखाली श्वसनयंत्रावर असलेला रुग्ण बोलू शकत नाही. त्याची धडधड अगोदरच वाढलेली असते, घामाची कारणे दहा असतात. घंटा वाजतच नाही, किंवा वाजली तरी इतर गलबल्यात ऐकू येत नाही. साखर ४० च्या खाली गेली, म्हणजे सर्व रक्तात मिळून दोनच ग्रॅम ग्लुकोज उरले, तर मेंदूचे इंधन तुटते. अपस्मारासारखे झटके येतात, हृदयाचा ताल बिघडतो, आणि ही स्थिती लांबली तर मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. उंच साखर दिवसांच्या हिशेबाने नुकसान करते. खोल गेलेली साखर मिनिटांच्या हिशेबाने. माझ्या मते या विषयातील सगळ्या वादाचे मूळ येथेच आहे.

वादाचा निर्णय व्हावयास फार मोठा प्रयोग हवा होता. तो ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा व अमेरिकेतील संशोधकांनी ४२ रुग्णालयांत मिळून केला. त्याला ‘नाइस-शुगर’ असे काहीसे खेळकर नाव देण्यात आले होते. निष्कर्ष मात्र खेळकर नव्हते. ६१०४ रुग्णांपैकी निम्म्यांची साखर ८१ ते १०८ मध्ये राखण्याचा यत्न झाला, उरलेल्यांची १८० किंवा त्याखाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार नव्वद दिवसांत काटेकोर गटातील शेकडा २७.५ रुग्ण मरण पावले, तर सैल गटातील शेकडा २४.९. म्हणजे अडतीस-एकोणचाळीस रुग्णांमागे एक मृत्यू अधिक. साखर ४० किंवा त्याखाली जाण्याचे प्रमाण काटेकोर गटात शेकडा ६.८ होते, दुसऱ्यात शेकडा ०.५. जी रीत प्राण वाचविते म्हणून शेकडो रुग्णालयांत रुजली होती, तीच प्राण घेत असावी असा हा निकाल होता. ज्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी आठ वर्षे रात्री जागून ती राबविली, त्यांना तो वाचताना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

तर मग ल्युव्हेनचे निष्कर्ष खोटे होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. दोन्ही प्रयोग प्रामाणिक होते. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र निराळे होते. ल्युव्हेनमध्ये ‘काटेकोर’ गटाची तुलना साखर २१५ पर्यंत चढू देणाऱ्या गटाशी झाली. नाइस-शुगरमध्ये ज्या गटाशी तुलना झाली त्यालाही १८० च्या वर इन्शुलिन मिळतच होते. एका प्रयोगाने पुरात बुडणाऱ्या शेताशी तुलना केली, दुसऱ्याने बांध घातलेल्या शेताशी. मोजमापाची साधनेही सारखी नव्हती. ल्युव्हेनमध्ये रोहिणीतील रक्त अचूक विश्लेषकावर तपासले जाई. इतरत्र ठिकठिकाणच्या, कमीअधिक भरवशाच्या यंत्रांवर.

परंतु सर्वांत मार्मिक भेद आहाराचा निघाला. ल्युव्हेनच्या पहिल्या प्रयोगात रुग्णांना दाखल होताच शिरेतून दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम ग्लुकोज दिले जात असे. पाच टक्क्यांच्या ग्लुकोज-सलाइनच्या एका लिटर बाटलीत ५० ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे सगळ्या रक्तात असते त्याच्या दसपट. यावरून त्या मात्रेचा अंदाज यावा. रुग्णाचे पोषण व्हावे हा हेतू चांगलाच होता. पण यकृत आधीच ग्लुकोज ओतीत असताना बाहेरूनही ते ओतले, तर साखर चढणारच, आणि मग ती उतरविणाऱ्या इन्शुलिनचा लाभ उठून दिसणारच. श्रेयाची गोष्ट अशी की हे कोडे त्याच बेल्जियन संशोधकांनी उलगडले. शिरेतून पोषण देण्याची घाई न करता ते आठवडाभर लांबविले तर रुग्ण लवकर बरे होतात, असे त्यांनी २०११ मध्ये ४६४० रुग्णांच्या प्रयोगातून दाखविले. पुढे, असे लवकरचे शिरपोषण न देता, ९२३० रुग्णांवर त्यांनी काटेकोर व सैल नियंत्रणाची पुन्हा तुलना केली. या वेळी इन्शुलिनची मात्रा संगणक सुचवीत असे. २०२३ साली आलेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील मृत्यूंमध्ये व अतिदक्षता विभागातील मुक्कामामध्ये फरक आढळला नाही. मौजेची बाब ही की सैल गटातही सकाळची साखर १४० च्या आसपासच राहिली. बाटलीतून ओतली नाही, तेव्हा ती फारशी चढलीच नाही. स्वतः मांडलेला गाजलेला सिद्धान्त वीस वर्षांनी स्वतःच तपासून त्याला मर्यादा घालणे सोपे नसते, म्हणून ही हकीकत जरा विस्ताराने सांगितली.

आज बहुतेक ठिकाणी जी रीत मान्य आहे ती मध्यममार्गी आहे. साखर दोनदा तपासून १८० किंवा त्याहून वर आढळली तर इन्शुलिन सुरू करावे व साखर १४० ते १८० च्या दरम्यान राखावी. कोणत्याही परिस्थितीत ती ७० च्या खाली जाऊ देऊ नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांची शरीरे चढ्या साखरेला सरावलेली असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी वर ठेवावी, असाही एक विचार आहे. त्यावर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साखर उतरण्याचे प्रसंग कमी झाले खरे, परंतु मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे हा मुद्दा अजून मिटलेला नाही.

आता खाटेजवळचे काम पाहू. ५० मिलिलिटर सलाइनमध्ये ५० एकक इन्शुलिन मिसळून सिरिंज पंपात भरतात, म्हणजे एका मिलिलिटरला एक एकक असा सुटसुटीत हिशेब होतो. शिरेतून गेलेले इन्शुलिन रक्तात काही मिनिटेच टिकते. त्यामुळे पंपाचा वेग बदलला की परिणामही लवकर बदलतो. हेच त्याचे सामर्थ्य व हाच त्याचा धोका. इन्शुलिन प्लॅस्टिकच्या नळीला आतून चिकटते, म्हणून नवी नळी लावताना थोडे द्रावण आधी वाहून जाऊ द्यावे लागते. नाहीतर आरंभीचे काही तास रुग्णाला मिळावयाचे औषध नळीच गिळते. आपल्या देशात इन्शुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या मिळतात : मिलिलिटरला ४० एककांच्या आणि १०० एककांच्या. प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. या दोहोंची अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटींनी चुकते, म्हणून जाणत्या परिचारिका कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचून दुसरीकडून खात्री करून घेतात. शिवाय इन्शुलिन ग्लुकोजबरोबर रक्तातील पोटॅशियमही पेशींत ढकलते. पोटॅशियम फार उतरले तर हृदयाचा ताल चुकतो, तेव्हा त्याचीही मोजणी सोबत चालते.

बोटाला टोचून थेंबभर रक्तावर साखर सांगणारे छोटे यंत्र आता घरोघरी आहे. घरी ते उपकारक आहे. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत मात्र ते फसवू शकते. रक्तदाब कोसळलेला असतो तेव्हा बोटांच्या टोकांपर्यंत रक्त पुरेसे पोचतच नाही. रुग्ण पंडुरोगी असेल, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी कमी असतील, तर यापैकी पुष्कळ यंत्रे साखर आहे त्याहून अधिक दाखवितात. आणि अतिदक्षता विभागातील बहुतेक रुग्ण थोडेफार पंडुरोगी असतातच. यंत्र ११० म्हणते, खरी साखर ८० असते, आणि कोणी ११० पाहून इन्शुलिन चालू ठेवतो. म्हणून रोहिणीत बसविलेल्या नळीतून रक्त घेऊन प्रयोगशाळेच्या दर्जाच्या विश्लेषकावर तपासणे अधिक भरवशाचे. त्यातही एक सापळा आहे. ती नळी मोकळी राहावी म्हणून तिच्यातून द्रावण सोडतात. ते चुकून ग्लुकोजचे असले, तर नमुन्यात साखर अफाट दिसते, आणि ती उतरविण्यासाठी दिलेले इन्शुलिन रुग्णाची खरी साखर शून्याकडे नेते. ब्रिटनमध्ये अशा चुकीने रुग्ण दगावल्याची नोंद आहे. रोहिणीच्या नळीत केवळ मिठाचे द्रावण वापरण्याचा आग्रह त्यातूनच आला.

सर्वांत साधी व वरचेवर घडणारी चूक याहून घरगुती आहे. रुग्णाला स्कॅनसाठी खाली न्यावयाचे असते, म्हणून अन्ननलिकेतून चाललेले पातळ अन्न बंद करतात. पंप मात्र तसाच चालू राहतो. आवक थांबली, जावक चालू. तासाभराने रुग्ण परत येतो तेव्हा साखर ४५ असते. यावर उपाय कोणत्याही महागड्या यंत्राचा नाही : अन्न थांबले की इन्शुलिनही थांबले पाहिजे, आणि ते थांबविण्याचा अधिकार डॉक्टरची वाट न पाहता परिचारिकेला असला पाहिजे. साखर उतरलीच तर २५ टक्क्यांचे ग्लुकोज शिरेतून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात.

मध्यममार्ग म्हणजे दुर्लक्ष नव्हे, याचा दाखला आपल्या देशाला २०२१ च्या उन्हाळ्यात मिळाला. कोविडच्या गंभीर रुग्णांना डेक्सामेथासोन हे कॉर्टिसोलच्या जातीचे औषध प्राणदायी ठरते, हे २०२० साली सिद्ध झाले होते. परंतु ते साखर जोराने चढविते. दुसऱ्या लाटेत ते सरसहा, पुष्कळदा गरज नसतानाही व अधिक दिवस दिले गेले. खाटा अपुऱ्या, परिचारिका थकलेल्या, साखर तपासण्यास वेळ नाही, अशी स्थिती होती. चढ्या साखरेत पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची शक्ती घटते, आणि म्युकर जातीची बुरशी तर अशाच रक्तात फोफावते. जून २०२१ संपेपर्यंत या ‘काळ्या बुरशी’चे चाळीस हजारांहून अधिक रुग्ण देशात नोंदले गेले, अनेकांचे डोळे व जबड्याची हाडे काढावी लागली. त्यांतील बहुसंख्यांना मधुमेह होता, काहींना तो असल्याचे तोपर्यंत ठाऊकच नव्हते.

ही शेवटची बाब आप्तांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अतिदक्षता विभागात साखर चढली म्हणजे मधुमेह झाला असे नव्हे. संकट ओसरले की बहुतेकांची साखर आपोआप उतरते व इन्शुलिन बंद होते. परंतु काहींचा मधुमेह आधीपासून छपून बसलेला असतो. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजचे प्रमाण तपासले म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. ते प्रमाण शेकडा ६.५ किंवा अधिक असेल तर आजार जुना समजावा. नुकतेच दुसऱ्याचे रक्त चढविले असेल तर ही तपासणी दिशाभूल करते, कारण तपासलेल्या पेशी रुग्णाच्या नसतात. म्हणून घरी परतल्यावर काही महिन्यांनी उपाशीपोटीची साखर पुन्हा तपासून घेण्याची सूचना जाताना दिलेल्या कागदावर लिहिलेली आहे ना, हे आप्तांनी पाहून घ्यावे. औषधांच्या लांबलचक यादीत ती ओळ पुष्कळदा राहून जाते.